टाक्यात जिरवलेल्या चुका

दादाच्या डोक्यात साडेतीनशे माणसं मापासकट राहत होती. दुकानात मापाची वही नव्हती असं नाही, पण ती गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून ठेवलेली. ओळखीचं माणूस दारात दिसलं की दादा टेप गळ्यातच ठेवून सुरू व्हायचा. छाती चाळीस, कंबर छत्तीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता, आणि पोट गेल्या खेपेपेक्षा पुढे आलंय ते मी धरतो, तुम्ही काळजी करू नका. गिऱ्हाईक ओशाळून पोट आत ओढायचं. मग दादा म्हणायचा, सोडा हो, कोट त्या पोटालाच शिवायचाय, तुमच्या लाजेला नाही.

कापायचं काम दादाचं आणि शिवायचं धाकट्याचं. धाकट्याला सगळा रस्ता धाकटा म्हणूनच ओळखायचा. पंचावन्न उलटली, टाळूवर चकाकी आली, तरी धाकटा तो धाकटाच. त्यालाही त्याचं वाईट वाटत नसे. डोक्यावर मोठा भाऊ असला की बरेचसे निर्णय आपल्यापर्यंत येतच नाहीत, आणि त्यात एक मोठं सुख असतं. ते सुख त्याने आयुष्यभर पोटभर उपभोगलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे काच, काचेला लागून कापायचं टेबल, मागे दोन मशीन, इस्त्रीचा ओटा आणि पडद्याआड ट्रायलची जागा, जिथे जाड माणसाला वळायचं तर आधी बाहेर यावं लागे. दादा कापड कापायचा, तुकड्यांचं बोचकं बांधून त्याला गिऱ्हाइकाची चिठ्ठी लावायचा आणि धाकट्याच्या मशीनशेजारच्या ट्रेमध्ये ठेवायचा. कोट ठरल्या दिवशी तयार नसे ते वेगळं. शिंप्याच्या ‘उद्या’वर विसंबणारं माणूस अजून जन्माला यायचंय.

वडिलांनी हे दुकान टाकलं तेव्हा दोघा मुलांना एक शिस्त लावून दिली होती. कापणाऱ्याची चूक शिवणाऱ्याने बोलून दाखवायची नाही. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, ज्याला माया म्हणतात, त्यातून ती भागवायची आणि टाक्यात जिरवून टाकायची. दोन भाऊ एकमेकांची उणीदुणी काढायला लागले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वडील म्हणायचे. नियम काही वाईट नव्हता. फक्त तो कपड्यांसाठी केलेला होता, आणि हे धाकट्याच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

सहा वर्षांपूर्वी दादा चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी डोळ्यात उजेड पाडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, नंबर देतो, पण डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्या मला चांगल्या दिसत नाहीत, आधी ब्लडप्रेशर तपासून घ्या. तपासलं तर ते भलतंच चढलेलं निघालं. घराजवळच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक, जन्मभर. सिगारेटही सोडायला सांगितली. सिगारेटचं दादाने ऐकून घेतलं आणि दुकानाच्या पायरीवर बसून त्यावर विचार करण्यासाठी एक पेटवली.

गोळ्या त्याने दोन-तीन महिने घेतल्या. मग त्याला त्यांचा कंटाळा आला. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, जिना चढताना धाप लागत नाही, मग औषध कुणाला आणि कशासाठी, असा त्याचा सवाल. वहिनी हुशार बाई. नवऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशातला हा माणूस. म्हणून तिने गोळ्यांचं पाकीट दुकानाच्या खणात ठेवायला दिलं आणि दिराला सांगितलं, भावजी, सकाळच्या चहाबरोबर तुमच्यासमोर घ्यायला लावा, तुमचं ऐकतील ते.

आठवडाभर ऐकलं. मग दादा पाकिटातून गोळी काढायचा, धाकट्याकडे बघून डोळा मिचकावायचा आणि ती कातरणांच्या डब्यात टाकायचा. वहिनीला सांग घेतली म्हणून, एवढंच म्हणायचा. धाकटा सांगायचा. महिना संपला की रिकामं पाकीट घरी जायचं आणि वहिनी समाधानाने नवीन आणायची. धाकट्याला त्यात लबाडी केल्यासारखं कधी वाटलंच नाही. लहानपणी दादाने त्याची कितीतरी प्रगतिपुस्तकं वडिलांपासून लपवली होती. मोठेपणी आपण त्याची एक गोळी लपवतो, फिटंफाट, असं त्याला वाटायचं.

पहिली चूक अडीच वर्षांपूर्वीची. एका वकिलाच्या काळ्या कोटाचं बोचकं सोडलं तर आत दोन्ही बाह्या डाव्या. धाकट्याला आधी हसूच आलं. कापणाऱ्याच्या हातून असं आयुष्यात एकदा होतं, दोनदाही होतं. दादा पायरीवर होता. धाकटा मागच्या दाराने कापडाच्या दुकानात जाऊन त्याच ठाणाचं कापड घेऊन आला, उजवी बाही स्वतः कापली आणि गपचूप शिवून टाकली. वकील कोट घालून आरशासमोर ऐटीत उभा राहिला. दादा म्हणाला, बघा, खांद्यावर एक सुरकुती नाही. धाकट्याने मान डोलावली.

नंतरचे तीन-चार महिने सगळं सुरळीत गेलं, त्यामुळे ती बाही तो विसरूनही गेला. मग एका हॉटेलच्या वाढप्यांच्या पँटी आल्या, दोन डझन. त्यातल्या निम्म्यांचे पुढचे भाग मागच्यांपेक्षा दीड इंच आखूड. दीड इंच मायेत भागत नाही. धाकट्याने कमरेला वेगळी पट्टी जोडली आणि हॉटेलवाल्याला सांगितलं, नवी फॅशन आहे. त्याला ती आवडली. पुन्हा काही महिने ठीक. मग पुन्हा एकदम काहीतरी, आणि या वेळी आधीपेक्षा मोठं. असं ते पायरी पायरीने चाललं होतं. एक पायरी उतरायची, तिथे बरेच दिवस थांबायचं, मग अचानक पुढची. रोज थोडं थोडं बिघडलं असतं तर कदाचित धाकटा घाबरला असता.

दादा टेबलाशी खडू घेऊन उभा राहायचा. समोर कापड पसरलेलं, टेप लावलेला, आणि तो नुसता बघत. पुढे काय करायचं ते कुणीतरी येऊन सांगेल अशी वाट बघत असल्यासारखा. धाकटा मशीन थांबवून काही विचारायला गेला की खेकसायचा. पूर्वी त्याच्या नाकावर राग नव्हता. आता गिऱ्हाइकावरही ओरडायचा, आणि एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खिशाची गोष्ट बोलताना उगाच डोळ्यात पाणी आणलं.

शंका आली नाही असं नाही. धाकट्याने आपल्या परीने परीक्षाही घेतली. सहज विचारल्यासारखं करून म्हणाला, दादा, ते शाळेचे मुख्याध्यापक होते ना, बदली होऊन गेलेले, त्यांची मांडी किती होती रे? दादा चहाचा घोट घेत म्हणाला, साडेतेवीस, आणि उजवा पाय पाव इंच कमी, लहानपणी मोडलेला. धाकट्याने वही काढून पाहिली. साडेतेवीस. पाव इंच. त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याने दादासाठी स्वतः सिगारेट आणून दिली. ज्याला दहा वर्षांपूर्वीची मांडी आठवते त्याचं डोकं बिघडलंय असं कोण म्हणेल? वय झालं, दमतो, चष्मा बदलायला हवा, अशी कारणं धाकट्याकडे ढिगाने होती.

मग तो सकाळी तासभर आधी दुकानात यायला लागला. आदल्या दिवशी दादाने कापलेली बोचकी सोडायची, मापं लावून बघायची, जमेल ते सुधारायचं, न जमेल त्याचं नवीन कापायचं आणि पुन्हा तीच चिठ्ठी लावून बोचकं बांधून ठेवायचं. शेवटच्या वर्षात तर त्याने आणखी एक युक्ती काढली. दादा टेबलावर कापड पसरून पायरीवर सिगारेट ओढायला गेला की धाकटा भराभर आखून कापून टाकायचा. दादा परत यायचा, कापलेले तुकडे बघायचा, जरा थांबायचा आणि बोचकं बांधायला घ्यायचा. काल कापलं असेल आपणच, असं त्याला वाटत असेल, असं धाकट्याला वाटायचं. भावाची अब्रू राखतोय म्हणून धाकट्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटायचा. खोटं कशाला बोला, बराच वाटायचा.

घरी वहिनीला काही काही दिसत होतं. गॅस चालू ठेवून बाहेर पडणं, एकच शर्ट दोनदा मागणं, जेवताना मधेच गप्प होणं. ती अधूनमधून दुकानात यायची, दादा आत ट्रायल घेत असला की हळूच विचारायची, भावजी, कामात नीट असतात ना हे? आणि धाकटा म्हणायचा, एकदम फर्स्ट क्लास, वहिनी, कात्री लोण्यातून चालावी तशी चालते. ती सुटकेचा निःश्वास टाकून घरी जायची. तिच्या माहितीत दादाच्या डोक्याची सगळ्यात कडक परीक्षा दुकानातच होत होती, आणि तिथे तो रोज पहिला येत होता.

एका दुपारी दादा एका गिऱ्हाइकाच्या कोटावर खडूने खूण करत असताना त्याच्या हातातून खडू पडला. त्याने वाकून उचलला, पुन्हा पडला. मग तो काहीतरी बोलला आणि ते कुणालाच कळलं नाही, कारण त्याचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. त्याच गिऱ्हाइकाच्या गाडीतून त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. हात दोन दिवसांत बराचसा परत आला, बोलणंही जवळजवळ सुधारलं. वहिनी म्हणाली, थोडक्यात निभावलं. धाकट्यानेही तसंच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला आणि धाकट्याला खोलीत बोलावलं. वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. दिव्याच्या पाटीवर तिने फिल्म लावल्या. विचारलं, प्रेशरची गोळी घेत होते का? वहिनी लगेच म्हणाली, रोज, एक दिवस चुकला नाही, रिकामी पाकिटं माझ्याकडे येतात. डॉक्टरने पुन्हा फिल्मकडे पाहिलं, मग विचारलं, याआधी वागण्यात, कामात काही फरक वाटला होता? वहिनीने गॅसचं सांगितलं, शर्टाचं सांगितलं. पण दुकानात काही नाही हो, ती म्हणाली, भावजींना विचारा, ते दिवसभर बरोबर असतात.

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. वेळ मारून न्यायची तर आताही नेता आली असती. सवय दांडगी होती. पण त्या पाटीवर दादाचं डोकं लावलेलं होतं, आणि त्याच्यासमोर त्याला खोटं बोलवेना. त्याने सगळं सांगितलं. आधी गोळ्यांचं, कातरणांच्या डब्याचं. मग दोन डाव्या बाह्या, आखूड पँटी, सकाळचा तो एक तास. बोलताना तो वहिनीकडे न बघता टेबलावरच्या पेनकडे बघत होता.

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पेनाच्या टोकाने फिल्मवरचे पांढरे डाग दाखवले, एकेक करून, आणि धाकट्याने नकळत मोजले. अकरा.

“मेंदूच्या आत खूप बारीक रक्तवाहिन्या असतात,” ती म्हणाली. “प्रेशर वर्षानुवर्षं चढं राहिलं की त्यांच्या भिंती जाड होतात, ताठ होतात. मग एखादी बंद पडते आणि तिच्यावर जगणारा एवढासा तुकडा मरतो. दुखत नाही. पेशंटला कळतही नाही. माणूस जरा हळू होतो, चिडतो, कामाचा क्रम चुकतो, आधी काय आणि मग काय ते सुचत नाही. जुन्या आठवणी पुष्कळदा शाबूत राहतात, म्हणून घरच्यांना वाटतं डोकं ठीक आहे.”

धाकट्याला ती साडेतेवीस इंचाची मांडी आठवली. त्याने विचारलं, त्या पहिल्या बाहीच्या वेळीच आणलं असतं तर?

“खात्रीने कुणी सांगू शकत नाही,” ती म्हणाली. “पण प्रेशर ताब्यात राहिलं असतं तर यातले काही डाग कदाचित पडले नसते. आता गेलं ते परत येणार नाही. उरलंय तेवढं सांभाळू.”

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते यालाच. वहिनी खोलीतून बाहेर आली, बाकावर बसली आणि पदराने डोळे पुसले. धाकटा तिच्यासमोर उभा राहिला, बसायचा धीर होईना. ती त्याला बोल बोल बोलेल म्हणून तो तयार होऊन उभा होता.

“मला शंका यायची ना, तेव्हा मी डॉक्टरकडे जायचे नाही, भावजी,” ती शेवटी म्हणाली. “तुमच्याकडे यायचे.”

एवढंच. त्या दिवसापासून गोळ्या तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या. दादाला ती स्वतः देते, तोंड उघडायला लावून बघते, आणि मगच सोडते. सिगारेट तिने एका दिवसात बंद केली. सहा वर्षं जे कुणाला जमलं नाही ते तिला एका भांडणात जमलं. धाकट्याशी ती पूर्वीसारखीच बोलते. जेवायला थांबा म्हणते, मुलांची चौकशी करते. फक्त दादाबद्दल त्याला काही विचारत नाही.

आता दादा सकाळी दोन तास दुकानात येतो. टेबलाशी खुर्ची टाकून बसतो. गिऱ्हाईक आलं तर माप अजूनही बिनचूक सांगतो, कधी त्याच माणसाला दोनदा सांगतो. कात्री धाकट्याच्या हातात असते. पस्तीस वर्षं शिवण्यात गेल्यावर कापायला उभं राहायचं म्हणजे पाय भरून येतात, पण खरं दुखणं ते नव्हे. आपल्या पाठीमागे बसून कुणीतरी चूक निस्तरणार नाही, याची त्याला सवय नव्हती.

परवा तो एका जाकिटाचा पुढचा भाग आखत होता. दादा बघत होता. मग म्हणाला, बाहीचा मुंढा खोल गेलाय, हात वर केला की जाकीट उठेल. धाकट्याने माप लावून बघितलं. खरंच पाव इंच खोल गेला होता. त्याने रेघ पुसली आणि पुन्हा आखली. दादा खूश झाला. त्याचा चेहरा त्या क्षणी इतका पूर्वीसारखा दिसला की धाकट्याला आता लपवून ठेवणं जमेना. त्याने खडू ठेवला. म्हणाला, दादा, मला तुला काहीतरी सांगायचंय. दोन-अडीच वर्षं मी तुझं कापलेलं सुधारत होतो. तुला न सांगता. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तेव्हाच बोललो असतो तर डॉक्टरकडे गेलो असतो आपण, इतकं झालं नसतं. चुकलो मी, फार चुकलो.

दादाने ते सगळं ऐकलं. त्याला हल्ली लांब बोलणं समजायला वेळ लागतो, म्हणून धाकटा थांबला. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. दादा समोरच्या कापडावर बोट फिरवत होता, रेघेवरून.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

धाकट्याला वाटलं, याचा काहीतरी घोटाळा होतोय.

“टेबलावर कापलेलं पडलेलं असायचं, ते माझं नव्हतं. माझी रेघ मी ओळखणार नाही? मी घट्ट दाबतो खडू, तू हलका धरतोस.” तो एकेक शब्द जपून मांडत होता, चुकू नये म्हणून. “घाबरलो होतो रे मी. खूप घाबरलो होतो. हिला सांगावं असं वाटायचं, डॉक्टरला दाखवावं. मग तुझ्याकडे बघायचो. तू आपला शांतपणे शिवत असायचास.”

धाकटा आपल्या हलक्या रेघेकडे बघत राहिला.

“म्हटलं, धाकटा रोज जवळून बघतोय,” दादा म्हणाला. “तो काही बोलत नाही, म्हणजे एवढं काही नसेल.”